घोड्याच्या पेटीवरचं खोबरं

सत्तावन्न सालच्या लोकसभेला आमच्या वाडीनं एकमुखानं तराजूला मत दिलं, असं लोक अजून कौतुकानं सांगतात. थू त्या एकमुखावर. मोजणीच्या वेळी वाडीच्या घोड्याच्या पेटीतून एकच चिठ्ठी निघाली आणि ती माझी होती. मी घोडा चिन्हाच्या उमेदवाराचा एजंट होतो. शाळेच्या खोलीत पडद्यापासून चार हातांवर दिवसभर बाकावर बसून होतो. तेव्हा बोलायचा हक्क कुणाला असेल तर तो मला आहे आणि मी गोड बोलणार नाही.

आमची वाडी बारामतीहून इंदापूरकडे जाताना सणसरच्या अलीकडे आहे. नीरेच्या डाव्या कालव्याला तिथं एक चारी फुटते, तिच्या कडेला पंधरावीस घरं. चारीचं पाणी शेताला, जनावरांना आणि आम्हाला. वरच्या अंगाला रावजीचा ऊस आणि उसाच्या आड रावजीची हातभट्टी. सरकारची दारूबंदी होती म्हणून तर भट्टी जोरात होती. सडका गूळ, नवसागर, बाभळीची साल असलं सगळं आंबवून, उकळून झालं की उरलेली घाण रावजीची माणसं बिनदिक्कत चारीत सोडायची. आमच्या बायका त्याच पाण्यात घागर बुडवायच्या. पाण्याला आंबूस वास यायचा, वर फेस असायचा. फडक्यानं गाळून प्यायचं. पाहुणा आला तर त्याला ताक द्यायचं, म्हणजे त्याला कळत नसे.

रावजी स्वतः थेंबाला शिवत नसे. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला गंध, तोंडात पान. गावातल्या माणसांना ‘अहो-जाहो’ करायचा आणि त्यांच्याच पोरांना भट्टीवर उधार पाजायचा. असली स्वच्छ माणसं पाहिली की मी अजून वाट बदलतो.

माझी चुलती धोंडाबाई. तिला दोन मुलगे, अप्पा आणि महिपती. पहिल्या निवडणुकीच्या वेळी याद्या करायला माणूस आला, तेव्हा तिनं दाराआडून नाव सांगितलं, ‘अप्पाची आई.’ तेव्हा बऱ्याच बायकांनी असंच सांगितलं आणि वरच्या साहेबांनी त्यांची नावं काढून टाकली. अमक्याची आई, तमक्याची बायको असलं नाव चालत नाही म्हणाले. त्या वेळी चुलतीला मत मिळालं नाही आणि तिला त्याचं काही वाटलंही नाही. पुढं अप्पा रावजीच्या भट्टीवर पिऊन पिऊन मेला. शेवटी शेवटी रक्त ओकत होता. त्यानंतर पुन्हा यादीवाला आला, तेव्हा चुलती दाराआड गेली नाही. ओट्यावर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “धोंडाबाई. माझं नाव लिव्हा.”

धाकटा महिपती तेवढा उरला होता आणि तोही भावाच्याच वाटेनं निघाला होता.

त्या साली मुंबईवरून सगळीकडं रान पेटलं होतं. आमच्या वाडीत मात्र निवडणूक भट्टीवरच चालली होती. लोकसभेला चार उमेदवार होते. दोघांना वाडीत कुणी विचारत नव्हतं. उरलेल्या दोघांत तराजूवाला रावजीचा माणूस. त्याच्या वशिल्यानं भट्टीकडे कुणी डोळा वर करून बघत नसे. दुसरा घोडेवाला. त्यानं चिंचेखाली सभा घेतली, चारीचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “निवडून आलो तर पहिली ही भट्टी मोडेन.” मोडली असती का? देव जाणे. पण ते पाणी हुंगणारा तो पहिला माणूस होता. चुलती घरी आली आणि मला म्हणाली, “जोत्या, मला ह्या मान्साला मत द्याचं हाय. म्हैपती हाय तवर ती भट्टी जायाला पायजे. कसं द्यायाचं त्ये शिकीव.”

तेव्हाची मत द्यायची रीत वेगळी होती. शिक्काबिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची लोखंडी पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह डकवलेलं. बोटाला शाई लावून साहेब हातात कोरी चिठ्ठी द्यायचा. ती घेऊन पडद्याआड जायचं आणि आपल्या माणसाच्या पेटीच्या फटीत टाकायची. चिठ्ठीवर खूण नाही, नाव नाही. ज्याच्या पेटीत पडली त्याची. विधानसभेची चिठ्ठी निराळी असायची, पण तिच्यावरून वाडीत कुणी तापलेलं नव्हतं. मी बिस्किटाच्या डब्याला फट पाडली, वर कोळशानं घोडा काढला आणि चुलतीकडून पुन्हा पुन्हा कागद टाकून घेतला. तिला बरोबर जमलं.

इकडं रावजी गप्प बसला नव्हता. मतदानाला दोन दिवस राहिले, तेव्हा त्यानं सगळ्या बाप्यांना खंडोबाच्या देवळात बोलावलं. ताटात बेलाची पानं आणि भंडारा. बेलभंडार उचलला की शब्द देवाला दिला, मग मान गेली तरी फिरायचं नाही, ही आमच्याकडची रीत. रावजीनं एकेकापुढं ताट धरलं आणि प्रत्येकाकडून वदवून घेतलं, “तराजू सोडून दुसऱ्या पेटीत चिठ्ठी टाकणार न्हाय.” मी उचलला नाही. मला तो हसून म्हणाला, “तुमी राहू द्या जोतीराम, तुमी शिकल्यालं.” बायकांना त्यानं बोलावलंच नाही. बाया बाप्यांच्या मागं येतील, हा त्याचा हिशेब.

ताट फिरलं आणि मग वाडीच्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या पेटीवर घोडा होता. घोडा म्हणजे मल्हारीचं वाहन. मल्हारीचा भंडारा उचलून मल्हारीच्याच घोड्याला लाथ मारायची? एकेकाची पाचावर धारण बसली. घोड्याला द्यावं तर शपथ मोडते, तराजूला द्यावं तर देव कोपतो. मी सगळ्यांना सांगितलं, “जबरदस्तीची शपथ शपथ नसते. मनाला पटेल तिकडं टाका.” माझं कोण ऐकतो. सगळे गेले दत्तोबातात्यांकडे. तात्या म्हणजे वाडीचं शहाणपण. बांधाचं भांडण असो की सोयरिकीचं, तात्या असा तोडगा काढायचे की दोन्हीकडचे खूश व्हायचे आणि भांडण तिथंच राहायचं. तात्यांनी तंबाखू मळत विचार केला आणि काय सांगितलं ते मला कुणी कळू दिलं नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी पहिली चिठ्ठी मी टाकली, मग शाळेपुढं रांग लागली. बायका काष्टा आवळून, डोईवर पदर घेऊन, हळदीकुंकवाला निघाल्यासारख्या आल्या. बऱ्याच जणांच्या मुठीत भंडारा होता. मतदानाचे साहेब म्हणाले, “हे काय?” मी म्हणालो, “देवाचं आहे, असू द्या.” मला काय ठाऊक. पडद्याआडून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाची बोटं पिवळी. चुलती आली. साहेबांनी नाव पुकारलं, तिनं “व्हय, मीच” म्हटलं तेव्हा तिचा आवाज सगळ्या खोलीत घुमला. कनवटीला तिनं काहीतरी खोचलं होतं. ती आत गेली, बाहेर आली, माझ्याकडं बघून हसली. अप्पा गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

दुपारी पाणी प्यायला बाहेर आलो. लिंबाखाली वाडीचे बापे पान-तंबाखू करत बसले होते आणि तात्या मध्ये बसून फुशारकी मारत होते. मला बघून म्हणाले, “ये जोत्या. तुजा बी जीव ग्वाड क्येला बघ.”

“काय केलंत तात्या?”

“रावजीनं काय वदवून घ्येतलं? दुसऱ्या पेटीत चिठ्ठी टाकनार न्हाय. टाकली न्हाय. कुनीच टाकली न्हाय. समद्यांनी घोड्याच्या पेटीवर ठिवली, वर भंडारा वाह्यला आन् हात जोडलं. शपथ बी मोडली न्हाय आन् देव बी दुखावला न्हाय. आता देवाला पायजेल तर त्यो घील.”

मी ओरडलो, “तात्या, वर ठेवलेली चिठ्ठी म्हणजे मत नव्हे! ती फटीतनं आत गेली तरच मत!”

“आरं, घोड्याच्या पोटात कागूद कोंबायचा व्हय? देवाफुडं ठिवायचं आसतं. देवाला ठावं न्हाय का कुनी काय ठिवलं त्ये?”

सगळे माना डोलवत होते. मला त्या माना मुरगळाव्याशा वाटल्या. ज्याला भ्यायचं त्याला भ्यायचं नाही, ज्याला मागायचं त्याला मागायचं नाही, आणि स्वतः करायचं ते देवाच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं. लबाडी करायची तीसुद्धा हात जोडून.

चुलती बायकांत बसली होती. मी धावत गेलो. “काकी, तू फटीतच टाकलीस ना? डब्यात टाकायचीस तशी?”

ती गोंधळली. “न्हाय रं. आत गेले तर समद्यांच्या चिठ्ठ्या वर ठिवल्याल्या. भंडारा पडल्याला. म्या म्हनलं, घोड्याची रीत अशीच आसंल. म्या बी ठिवली. वाऱ्यानं उडू नये म्हून खोबऱ्याचा तुकडा ठिवला वर. देवाला न्ह्येलाच व्हता.” मग माझा चेहरा बघून तिचा उतरला. “चुकलं का? आता आत जाऊन टाकू का मी?”

“तू नको. मी बघतो.”

मी वळलो तर लिंबाच्या बुंध्याला टेकून रावजी उभा होता. तात्यांची सगळी फुशारकी त्यानं ऐकली होती. तोंडातलं पान या गालातून त्या गालात सारत तो शांतपणे निघाला आणि उसाच्या बांधाकडं गेला. तिथं महिपती गुडघ्यात मान घालून बसला होता. त्यानं अजून मत दिलं नव्हतं. दिवसाउजेडी त्याला शुद्ध असली तर त्याचे हात कापायचे, तसे ते तेव्हा कापत होते. रावजी त्याच्यापाशी उकिडवा बसला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी बोलू लागला. मी काय समजायचं ते समजलो आणि शाळेकडं पळालो.

साहेब जेवायला बसले होते. ताटात कोंबडीचा रस्सा होता आणि तो रावजीच्या घरून आला होता. मी म्हणालो, “साहेब, उठा. घोड्याच्या पेटीवर चिठ्ठ्या पडल्यात. कुणीतरी उचलील. आधी बघा.”

“पडू द्या. जेवण झालं की बघतो.”

“तोवर उशीर होईल.”

“अहो, माणसाला दोन घास खाऊ द्याल की नाही?”

“मग मला तरी आत जाऊ द्या.”

“एजंटाला पडद्याआड जाता येत नाही. कायदा आहे.” असं म्हणून त्यांनी हाड फोडलं आणि आतला मगज ओढला. 

साहेबांच्या हाताखालच्या कारकुनाचं काम चालूच होतं. दारातून महिपती आत आला. कारकुनानं नाव विचारलं, बोटाला शाई लावली, चिठ्ठी दिली. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, “महिपती, माझ्याकडं बघ.” त्यानं बघितलं नाही. साहेब ताटावरूनच ओरडले, “मतदाराशी बोलू नका, नाहीतर बाहेर काढीन!” महिपती पडद्याआड गेला.

एक चिठ्ठी टाकायला किती वेळ लागतो? तो आत राहिला, राहिला, आणि बाहेर येईना. आतून लोखंडाच्या फटीवर कागद घासल्याचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा. साहेब बोटं चाटत होते, कारकून नावं पुकारत होता, आणि मी तो आवाज ऐकत उभा होतो. मग महिपती खाली मान घालून, काहीतरी चावत बाहेर आला आणि माझ्या अंगावरून निघून गेला.

साहेबांनी सावकाश हात धुतले, धोतराला पुसले, मग ते पडद्याआड डोकावले आणि म्हणाले, “काही नाही हो तिथं. पेटी साफ आहे. हळद तेवढी सांडलीय.”

“चिठ्ठ्या होत्या त्या कुठं गेल्या?”

“पेटीवर ठेवलेली चिठ्ठी म्हणजे मत नव्हे. आणि पेटीत गेलेली कुणी टाकली, ते विचारायचा मला अधिकार नाही. बसा खाली.”

मी बसलो नाही. बाहेर जाऊन ओरडलो, “लोकहो, तुमची सगळी मतं ह्यानं तराजूत घातली! ह्या महिपतीनं!”

सगळे उठले. महिपतीभोवती कोंडाळं झालं. मला वाटलं, आता ह्याला तुडवतील आणि मग रावजीकडं वळतील. खरंच वाटलं मला तसं. तात्यांनी महिपतीचे दोन्ही हात धरून पालथे-उताणे केले. तळवे मनगटापर्यंत पिवळेधमक होते. तात्यांनी ते पाहिलं. मग त्यांच्या तोंडावर हळूहळू असं समाधान पसरलं की मी ते मरेपर्यंत विसरणार नाही.

“आपून काय म्हनलं व्हतं?” तात्या बोलले. “देवाला पायजेल तर त्यो घील. देवानं ह्याच्या हातनं घ्येतली आन् तराजूत घातली. म्हंजी देवाच्या मनात तराजूच व्हता. आपली शपथ बी देवानंच पुरी करून घ्येतली!”

असं म्हणून तात्यांनी महिपतीच्या तळव्यावर बोट फिरवलं आणि तो भंडारा आपल्या कपाळाला लावला. कुणीतरी ओरडलं, “येळकोट येळकोट!” बाकीचे ओरडले, “जय मल्हार!” आणि मग एकामागून एक वाडीचे सगळे बापे पुढं झाले. ज्यानं त्यांची मतं उचलून विकली, त्याच्या हाताची हळद बोटानं घेऊन कपाळाला लावू लागले. सकाळपासून छातीवर धोंडा होता तो उतरल्यासारखी त्यांची तोंडं झाली होती. महिपती हात पसरून देवासारखा उभा होता, आणि चावत होता. रावजीनंही पुढं येऊन टिळा लावून घेतला. मी लिंबाआड जाऊन खरोखर ओकलो.

परत आलो तेव्हा कोंडाळं फुटत होतं. बायका लांब उभ्या होत्या. त्यांतून चुलती निघाली आणि महिपतीपुढं येऊन उभी राहिली. तिनं त्याच्या हातांकडं पाहिलं नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

“काय खातुयास?” तिनं विचारलं.

महिपतीचा जबडा थांबला.

“म्हैपती, त्वांडात काय हाय तुज्या?”

“खोबरं,” तो म्हणाला.

“कुठनं घ्येतलं?”

तो माझ्याकडं, रावजीकडं, जमिनीकडं बघू लागला. मग एकदम रडवेला होऊन म्हणाला, “आये, तुजी हाय त्ये म्या वळखलं. खोबऱ्यावरनं वळखलं. म्हून तुजी चिठ्ठी तेवढी शेवटाला टाकली. आधी टाकवंना.”

“पर टाकलीस.”

“व्हय.”

मला वाटलं, ती त्याच्या मुस्काटात मारील. निदान रडेल. तिनं आपला शाई लावलेला हात उचलला. त्याच्या हनुवटीला लागलेला खोबऱ्याचा कीस बोटानं पुसला, लहानपणी पुसत असेल तसा. महिपतीनं थुंकायला तोंड वळवलं.

“थुकू नगंस,” चुलती म्हणाली. “द्येवाला वाह्यल्यालं हाय. गिळ.”

 त्याला गिळवेना.

“गिळ,” ती म्हणाली.

महिपतीनं गिळलं. रावजीनं बांधावरून हाक मारली, तसा तो आईकडं पाठ करून, कापरे हात पोटाशी धरून तिकडं गेला. चुलतीनं घरून घागर आणली आणि चारीवर जाऊन पाण्यावरचा फेस हातानं बाजूला सारला. मग घागर बुडवून भरून घेतली.